सांगायची होती कृती, झाली गोष्ट: चौथीच्या वर्गातील लेखनाचे एक प्रकरण

चौथीच्या एका वर्गात विज्ञानाच्या तासाला घेवड्याचे बी रुजवण्याचा नेहमीचा प्रयोग झाला. चार बरण्या घेतल्या होत्या. एकीत कोरड्या कापसावर बिया ठेवल्या, दुसरीत ओल्या कापसावर, तिसरीत ओल्याच कापसावर परंतु बरणी बंद कपाटात, आणि चौथीत बिया पाण्यात पूर्ण बुडवून. काही दिवसांत अपेक्षित तेच दिसले. कोरड्या बरणीत काहीच घडले नाही. ओल्या कापसावरील बियांना मूळ आणि मग कोंब फुटला. कपाटातील बियाही रुजल्या, मात्र त्यांचे कोंब लांब आणि फिकट निघाले. बुडवलेल्या बिया फुगल्या, परंतु रुजल्या नाहीत आणि पुढे कुजल्या. मुलांनी हे सारे रोज पाहिले होते, त्याविषयी वाद घातले होते, बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे भरपूर होते आणि शब्दांचीही वाण नव्हती. म्हणूनच पुढे जे घडले ते नोंदवण्याजोगे वाटते.

वर्गशिक्षिकेने मुलांना सांगितले की हाच प्रयोग तिसरीच्या मुलांना करायचा आहे, तर तो कसा करावा हे त्यांच्यासाठी लिहून द्या. आलेल्या लेखनातील बहुतेक वह्यांची सुरुवात ‘एके दिवशी बाईंनी आम्हाला बिया दिल्या’ अशा किंवा याच वळणाच्या वाक्याने झाली होती. पुढे कोणाच्या गटात कोण होते, बरणी कोणाच्या हातून सांडली, कोंब दिसल्यावर सगळे कसे ओरडले हे क्रमाने आले होते, आणि शेवटी ‘आम्हाला खूप मजा आली’ हे वाक्य होते. कापूस किती, पाणी किती, बी कोठे ठेवायचे, बरणी झाकायची की उघडी ठेवायची यांपैकी जवळजवळ काहीही नव्हते. शिक्षिकेने पहिल्या फेरीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करून ‘नीट विचार करून लिही’ असा शेरा दिला. दुसऱ्या वेळी तीच गोष्ट अधिक शुद्ध आणि अधिक सुवाच्य होऊन परत आली.

येथे निदान महत्त्वाचे आहे. अशा वह्या पाहिल्या की मुलांची भाषा कच्ची आहे किंवा त्यांना सूचना समजली नाही, असा निष्कर्ष सहज काढला जातो. या वर्गाच्या बाबतीत दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते. वाक्ये पूर्ण होती, काळाचा क्रम बिनचूक होता, आणि तोंडी विचारल्यावर हीच मुले ‘कापूस जास्त ओला नाही करायचा’ असे ठामपणे सांगत होती. लेखनाचा जो एकमेव साचा त्यांच्या हाताला परिचित होता, त्यात त्यांनी आपला अनुभव ओतला होता. सहलीचा निबंध याच साच्यात लिहिला जातो, सुट्टीचा आणि स्नेहसंमेलनाचाही.

साचा एकच का, याचे उत्तर वर्गातील पुस्तकांच्या फळीवर मिळाले. तेथे गोष्टी आणि कविता भरपूर होत्या. माहितीची पुस्तके मोजकी होती आणि तीही वरच्या कप्प्यात, न उघडलेली. ही स्थिती अपवादात्मक नाही. अमेरिकेतील संशोधक नेल ड्यूक यांनी पहिलीच्या 20 वर्गांचे निरीक्षण करून 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मुलांचा माहितीपर मजकुराशी येणारा संबंध दिवसाला सरासरी 3.6 मिनिटांचा असल्याचे आढळले होते, आणि अल्प उत्पन्नाच्या वस्त्यांतील वर्गांत तो त्याहूनही कमी होता. दुसरीकडे, सुमारे दहा वर्षांच्या मुलांची वाचनक्षमता मोजणाऱ्या ‘पर्ल्स’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत 2001 पासून साहित्याचा आस्वाद आणि माहिती मिळवून तिचा वापर या दोन हेतूंना सारखेच स्थान दिलेले आहे. म्हणजे मुलांकडून ज्याची निम्मी अपेक्षा आहे, ते त्यांच्या हाती क्वचितच पडते.

लहान मुलांना गोष्टच कळते, माहितीचे लेखन नंतर पाहावे, ही समजूत शिक्षकांत आणि पालकांत खोलवर रुजलेली आहे. ती तपासून पाहिली गेली आहे. क्रिस्टीन पॅपास यांनी 1993 मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, अजून अक्षरे न वाचणारी बालवाडीतील मुले वाचून दाखवलेले माहितीचे पुस्तक ‘वाचल्याचा’ अभिनय करताना त्या पुस्तकाची भाषाही तितक्याच सहजतेने उचलतात. त्यांना ती भाषा ऐकायला मिळाली पाहिजे, एवढीच अट आहे.

शिक्षिकेने पुढचे पाऊल उचलले ते तक्त्याचे. कृतिलेखनाला शीर्षक असते, ‘साहित्य’ आणि ‘कृती’ असे उपमथळे असतात, टप्प्यांना क्रमांक असतात आणि क्रियापद आज्ञार्थी किंवा विध्यर्थी असते, असा एक सुबक तक्ता भिंतीवर लागला. मुलांनी तो काळजीपूर्वक पाळला. एका वहीत मिळालेला नमुना असा होता: ‘साहित्य: बरणी, कापूस, बिया, पाणी. कृती: 1) प्रथम बाईंनी आम्हाला बरणी दिली. 2) मग आम्ही हात धुतले.’ मथळे आले, आकडे आले, आणि त्यांच्याखाली गोष्ट जशीच्या तशी राहिली. हा नमुना विनोदी वाटला तरी अनेक वर्गांतील कृतिलेखनाचे खरे चित्र तोच दाखवतो, असे मला वाटते. मोठ्यांच्या कार्यालयीन अहवालांतही तो अधूनमधून भेटतो.

मजकुराच्या प्रकारांची वैशिष्ट्ये उघडपणे शिकवावीत की नाहीत, हा जुना वाद आहे. ऑस्ट्रेलियात 1980 च्या दशकात जे. आर. मार्टिन, जोन रॉदरी, फ्रान्सिस क्रिस्टी आदींनी मायकेल हॅलिडे यांच्या भाषाविचाराच्या आधारे अशी मांडणी केली की शाळेत लागणारे लेखनप्रकार मुलांना आपोआप उमगतील असे मानणे अन्यायाचे आहे, कारण ज्यांच्या घरी असे लेखन नांदते त्यांनाच ते उमगते. त्यातून नमुन्याची उकल, मग शिक्षक व वर्ग यांचे एकत्रित लेखन, आणि त्यानंतर स्वतंत्र लेखन असे अध्यापनाचे चक्र घडले. या मांडणीतील न्यायाचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. परंतु शाळांपर्यंत पोहोचताना या चक्रातील मधला टप्पा अनेकदा गळून पडतो आणि हाती उरतो तो तक्ता. व्हिक्टोरिया पर्सेल-गेट्स, नेल ड्यूक आणि जोसेफ मार्टिनो यांनी दुसरी-तिसरीच्या विज्ञानाच्या तासांवर केलेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निकाल या दृष्टीने विचार करायला लावणारा आहे. त्यांनी मुलांची प्रगती सात बाबींत मोजली. प्रकाराची वैशिष्ट्ये उघडपणे शिकवल्याचा परिणाम त्यांपैकी सहा बाबींत दिसला नाही. उलट, वाचन-लेखन खऱ्या हेतूने आणि खऱ्या वाचकासाठी किती प्रमाणात होत होते, याचा प्रगतीशी संबंध चार बाबींत स्पष्ट आढळला.

आपल्या वर्गातही ‘तिसरीच्या मुलांसाठी लिहा’ असे सांगितले होतेच की, असा प्रश्न येथे उभा राहतो. सांगितले होते हे खरे, पण तिसरीचे एकही मूल त्या कागदाजवळ कधी आले नव्हते. वही शिक्षिकेकडे जात होती आणि तिच्याकडूनच परत येत होती. प्रयोग कसा करतात हे शिक्षिकेला ठाऊक आहे, हे प्रत्येक मुलाला माहीत होते. ज्याला सर्व ठाऊक आहे त्याला कापूस किती घ्यावा हे कशासाठी सांगायचे? त्याला सांगण्याजोगे राहते ते फक्त ‘आम्हाला मजा आली’ एवढेच. या अर्थाने मुलांनी आपल्या खऱ्या वाचकाला साजेसेच लेखन केले होते.

म्हणून शिक्षिकेने तिसरीच्या मुलांना प्रत्यक्ष बोलावले. प्रत्येक जोडीला चौथीतील एका मुलाचा कागद आणि साहित्य दिले. लेखकाने शेजारी उभे राहायचे, पण बोलायचे नाही आणि बोट दाखवायचे नाही, एवढाच नियम होता. ‘थोडे पाणी घाला’ हे वाक्य वाचून एका जोडीने कापूस तरंगेल इतके पाणी ओतले. ‘बी ठेवा’ असे वाचून दुसऱ्या जोडीने बी कापसाच्या गोळ्यात खोल कोंबले, त्यामुळे बाहेरून काहीच दिसेना. तिसऱ्या जोडीने ‘बाईंनी बरणी दिली’ हे वाचून बाईंकडे पाहत वाट बघितली. तोंड मिटून उभ्या असलेल्या लेखकांची जी घालमेल झाली, तिने भिंतीवरच्या तक्त्याला जमले नव्हते ते काम केले.

त्याच दिवशी झालेले पुनर्लेखन वेगळे होते. एका मुलीने लिहिले: ‘कापूस सगळीकडून ओला झाला पाहिजे, पण दाबला तर पाणी टपकता कामा नये.’ दुसऱ्याने ‘बी काच आणि कापूस यांच्या मध्ये ठेवा, म्हणजे बाहेरून दिसेल’ अशी सूचना कारणासकट दिली. प्रमाण, स्थान, क्रम आणि इशारा हे चारही घटक कोणी न सांगता आले, कारण त्यांच्या अभावी काय होते हे समोर घडले होते. यानंतरच शिक्षिका पुन्हा तक्त्याकडे वळली. मुलांची दोन-तीन वाक्ये फळ्यावर घेऊन ‘घातले’, ‘घाला’ आणि ‘घालावे’ यांत वाचणाऱ्याला काय फरक पडतो, हे तिने वर्गाकडूनच काढून घेतले. ‘घातले’ वाचले की काम कोणीतरी करून टाकले आहे असे वाटते, असे एका मुलाने सांगितले. व्याकरणाच्या पुस्तकातही याहून नेमके स्पष्टीकरण क्वचित सापडेल. तेव्हा तक्ता निरुपयोगी नव्हता. तो वेळेआधी आला होता.

पुढचा प्रश्न वाचनाचा होता. कपाटातील कोंब फिकट का झाले, याचे उत्तर मुलांना पुस्तकांतून शोधायचे होते. वरच्या कप्प्यातील पुस्तके खाली आली आणि लक्षात आले की मुले तीही गोष्टीसारखी पहिल्या पानापासून वाचतात. अनुक्रमणिका आणि शेवटची सूची हे त्यांच्या लेखी छपाईचे अलंकार होते. शिक्षिकेने एक पुस्तक हातात धरून आपले वाचन मोठ्याने उलगडून दाखवले: ‘मला प्रकाशाबद्दल हवे आहे, हे प्रकरण बियांच्या प्रकारांबद्दल आहे, म्हणून ते सोडते. या पानावर चित्राखाली दोन ओळी आहेत, आधी त्या बघते.’ पुस्तक मध्येच सोडायला परवानगी आहे, ही गोष्ट काही मुलांना खरोखर नवी होती. वाचनाआधी ‘काय माहीत आहे’ आणि ‘काय जाणून घ्यायचे आहे’ असे दोन रकाने, आणि वाचनानंतर ‘काय कळले’ हा तिसरा, ही डोना ओगल यांनी 1986 मध्ये मांडलेली साधी पद्धतही येथे उपयोगी पडली, मात्र मधला रकाना मुलांच्या खऱ्या प्रश्नांनी भरला गेला तेवढ्यापुरतीच.

शोधलेले लिहून काढताना नकलेचा प्रश्न आला. ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ ही सूचना मुले शब्दशः घेतात आणि मूळ वाक्यातील एखाद-दुसरा शब्द बदलतात. इंग्लंडमध्ये 1990 च्या दशकात डेव्हिड रे आणि मॉरीन लुईस यांनी माहितीपर लेखनासाठी आधारचौकटी, म्हणजे वाक्यांच्या तयार सुरुवाती देणारे सांगाडे, मांडल्या. मजकुराचे रूप बदलायला लावले तर नक्कल अवघड होते, हे त्यांच्या कामातून आलेले व्यावहारिक शहाणपण आहे. या वर्गात परिच्छेद वाचून पुस्तक मिटायचे, त्यातील माहितीचे कोष्टक किंवा नामनिर्देशित आकृती काढायची, आणि मग त्या कोष्टकावरून परिच्छेद लिहायचा, असा क्रम ठेवला गेला. कोष्टकातून परत वाक्ये करताना मुलांना स्वतःची वाक्यरचना करण्यावाचून गत्यंतर नव्हते. चौकटीतील तयार सुरुवाती (‘याचे कारण असे की…’, ‘यावरून दिसते की…’) ज्यांना हव्या होत्या त्यांना दिल्या गेल्या आणि लवकरच काढून घेतल्या गेल्या. त्या फार काळ राहिल्या तर सगळ्या वह्या सारख्या दिसू लागतात.

या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत कठीण भाग स्पष्टीकरणाचा ठरला. बुडवलेल्या बिया का रुजल्या नाहीत, हे लिहायचे होते. बहुतेकांनी लिहिले: ‘आधी बिया फुगल्या, मग पाणी गढूळ झाले, मग वास आला आणि त्या कुजल्या.’ क्रम अचूक होता, कारण मात्र कोठेच नव्हते. बॉनी मायर यांनी 1970 च्या दशकापासून माहितीपर मजकुराच्या ज्या रचना वेगळ्या दाखवल्या, त्यांत वर्णन, क्रम, तुलना, कार्यकारण आणि समस्या-उपाय यांचा समावेश होतो. गोष्टीवर वाढलेल्या मुलाला त्यांपैकी क्रम आयता मिळतो, कारण गोष्ट क्रमावरच चालते. कार्यकारण त्याला क्रमासारखेच वाटते, आणि ‘मग’ हा शब्द दोन्हींचे काम करून टाकतो. कार्ल बेराइटर आणि मार्लिन स्कार्डामालिया यांनी 1987 मध्ये केलेला भेदही येथे लागू पडतो: नवखा लेखक जे आठवेल ते आठवेल त्या क्रमाने मांडत जातो, तर सरावलेला लेखक लिहिता लिहिता त्या ज्ञानाची फेररचना करतो. स्पष्टीकरणाला ही फेररचना टाळता येत नाही.

त्यासाठी शिक्षिकेने काही काळ लेखणी बाजूला ठेवायला लावली. ‘पाणी जास्त झाले म्हणून’ हे उत्तर लगेच आले. त्यावर एका मुलाने विचारले की पाण्याने बी मरत असेल तर ओल्या कापसावरचे कसे जगले. वर्ग थोडा वेळ अडकला. मग ओल्या कापसात पाण्याबरोबर आणखी काय असते, येथपर्यंत चर्चा आली आणि हवेचे नाव निघाले. बी रुजताना त्यातील साठवलेले अन्न वापरले जाते, त्यासाठी प्राणवायू लागतो आणि पाण्याखाली तो पुरेसा पोहोचत नाही, हे पुस्तकातून पक्के झाले. एवढे बोलून झाल्यावर ‘मग’ची जागा ‘त्यामुळे’ आणि ‘कारण’ यांनी घेतली. हे शब्द मुलांना आधीही येत होते. त्यांची गरज आता पडली.

क्रियापदाचा प्रश्न येथे पुन्हा आला, पण वेगळ्या रूपात. ‘आमच्या बिया रुजल्या नाहीत’ हे घडलेले सांगणे आहे, ‘हवा न मिळाल्यास बी रुजत नाही’ हे नियम सांगणे आहे. भूतकाळातून साध्या वर्तमानकाळात जाताना ‘आम्ही’ गळून पडतो आणि विधानाची जबाबदारी वाढते. ही उडी फळ्यावर सुरू असताना एका मुलीने हरकत घेतली की आपण तर एकच बरणी पाहिली, मग सगळ्या बियांबद्दल कसे लिहायचे. शिक्षिकेने तिची हरकत मान्य केली, आणि वर्गाने दोन परिच्छेद करण्याचे ठरवले: पहिल्यात आपल्या बरणीत काय दिसले ते भूतकाळात, दुसऱ्यात पुस्तकांतून काय कळले ते वर्तमानकाळात. विज्ञानातील अहवाल निरीक्षण आणि निष्कर्ष वेगळे ठेवतो त्यामागचे कारण मुलांना अशा रीतीने स्वतःच्या शंकेतून मिळाले. मला हा या प्रकरणातील सर्वांत मोलाचा क्षण वाटतो, आणि तो कोणत्याही पाठनियोजनात आधी लिहून ठेवता आला नसता.

खिडकीजवळ बरण्यांसाठी फळी मिळावी म्हणून मुख्याध्यापकांना लिहिलेले विनंतीपत्र सहज जमले. मागणी करणे आणि कारणे देणे मुलांना बोलण्यातून अवगत असते, फक्त समोरच्याच्या अडचणीचा विचार करून लिहायला त्यांना आठवण द्यावी लागली.

एका मुलाने मात्र या सगळ्याला वेगळेच वळण दिले. वर्गातील उत्तम गोष्ट सांगणारा तो, कृती आणि स्पष्टीकरण या दोन्हींना कंटाळला होता. त्याने चौथ्या बरणीतील बीचे आत्मवृत्त लिहिले: ‘मी फुगलो तेव्हा मला वाटले आता मी मोठा होणार. पण श्वास घ्यायला हवाच नव्हती.’ कार्यकारण अगदी बरोबर होते, रूप मात्र मागितलेले नव्हते. शिक्षिकेच्या जुन्या मापनात शुद्धलेखन, हस्ताक्षर आणि कल्पकता एवढेच निकष होते, आणि त्यात हा कागद सर्वोत्तम ठरला असता. आता निकष प्रकारानुसार बदलले होते: कृती असेल तर वाचून काम करता आले का, स्पष्टीकरण असेल तर ‘का’चे उत्तर मिळाले का आणि ते तपासता येईल असे आहे का. या मापाने ते आत्मवृत्त अपुरे पडते, कारण बीला वाटणे, दुःख होणे आणि हवा न मिळणे यांतले खरे कोणते हे वाचकाला वेगळे करता येत नाही. तिने ते वर्गात वाचून दाखवले, भिंतीवर लावले, आणि त्या मुलाला त्याच आशयाचा दुसरा, साधा परिच्छेद लिहायला सांगितला. त्याने तो कुरकुरत लिहिला आणि तो चांगला उतरला. प्रकारांचे शिक्षण गोष्टीची जागा बळकावते, ही भीती मला या प्रसंगावरून तरी खरी वाटत नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर गोष्ट काय करू शकते आणि काय करू शकत नाही हे त्या मुलाला अधिक स्पष्ट दिसले.

सर्वच सुरळीत झाले असे नाही. ज्यांना अजून अडखळत वाचावे लागते अशा काही मुलांना सूची आणि कोष्टक हा दुहेरी भार झाला. त्यांच्यासाठी शिक्षिकेने मजकूर वाचून दाखवला आणि त्यांनी सांगितलेले स्वतः उतरवून घेतले, तेव्हा त्यांची स्पष्टीकरणे इतरांहून उणी नव्हती. अक्षरओळख पक्की होईपर्यंत माहितीपर मजकूर थांबवून ठेवावा, या मताला हे उत्तर पुरेसे आहे. तरी या पद्धतीला लागणारा शिक्षिकेचा वेळ मोठ्या वर्गात कोठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे.

पुढच्या सत्रात विषय बदलून पाहिले गेले. वर्गवाचनालयातून पुस्तक कसे न्यावे याची कृती बहुतेकांनी पहिल्याच खेपेला वापरता येईल अशी लिहिली आणि काहींनी ती आपणहून दुसऱ्या वर्गातील मुलांवर तपासून घेतली. स्पष्टीकरण मात्र तितके टिकले नाही. ओले कपडे कशामुळे वाळतात हे लिहिताना अनेक वह्यांत पुन्हा ‘मग’ची रांग लागली, आणि जेथे बाष्पीभवन पुरते समजले नव्हते तेथे ती हटकून लागली. म्हणून शिक्षिकेने पुढील नियोजनात स्पष्टीकरणाआधीचा तोंडी वादाचा तास वाढवला आहे, आणि त्यासाठी निबंधाचे दोन तास कमी केले आहेत.